अण्णांनी तिखट सोडलं तेव्हा

मला आता तिखट चालत नाही. म्हणजे मला चालतं, घरच्यांना चालत नाही. डॉक्टर नुसतं ‘जरा बेतानं’ म्हणाले होते. सूनबाईंनी मिरचीची बरणी माळ्यावर चढवली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. तेव्हापासून दुधीभोपळा माझ्या ताटात असा ऐसपैस बसतो, की घरातला कर्ता पुरुष तोच वाटावा.

परवा मुलाबरोबर गाडीतून नेवाशाकडून परतत होतो. रस्त्यालगत सप्ताहाचा मांडव दिसला, मुलानं गाडी हळू केली आणि काचेच्या फटीतून तो वास आत आला. चुलवणावर रटरटणारी डाळ, काळा मसाला, खोबरं भाजल्याचा खमंगपणा आणि या सगळ्याला धरून राहिलेला लाकडाचा धूर. सप्ताहाची आमटी. पन्नास वर्षं झाली तरी नाकानं ती एका क्षणात ओळखली.

“थांबव जरा,” मी म्हणालो. “दर्शन घेऊ.”

“दर्शनच ना, बाबा?” मुलगा म्हणाला. तो आईवर गेला आहे.

हे गाव अण्णांचं, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं. नेवाशाहून यायला दुसरा जवळचा रस्ता आहे, तेही मला माहीत होतं.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला आम्ही तिघं बेलापूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात नोकरीला होतो. अण्णा पॅनमन, म्हणजे उसाचा रस शिजवून त्याची साखर करणारे. बापू फिटर. मी टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा, दोघांहून लहान. साखरेत काम करण्याचं सुख ज्यांनी ते केलेलं नाही त्यांनाच वाटतं. हंगामात कपड्यांना, केसांना, पांघरुणाला, सगळ्याला काकवीचा वास यायचा. मळीचा वास तर जेवणाच्या ताटापर्यंत सोबत करायचा. आठ तास त्या गोड वाफेत उभं राहून अण्णा घरी आले, की चहासुद्धा बिनसाखरेचा मागत आणि वर हिरवी मिरची मिठाला लावून खात. पाहुण्यांना वाटायचं, या घरी काहीतरी भांडण झालंय.

सुट्टी गुरुवारची. ती आली की आम्हाला दोनच गोष्टी हव्या असत, गाणं आणि जाळ. दोन्ही एकाच ठिकाणी आणि तेही आग्रहानं मिळायचं असेल, तर नगर जिल्ह्यात त्याला एकच जागा होती. सप्ताह. कुठल्या ना कुठल्या गावात तो चालूच असायचा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, गावातल्या प्रत्येक चुलीवर भाकरी भाजायच्या, त्या टोपल्यांनी मांडवात आणून टाकायच्या आणि कढईतली आमटी येईल त्याला वाढायची. दुपारच्या भजनाला बाहेरगावची मंडळी आली तर गाव खूष. अण्णांचा गळा तालुक्यात माहीत होता. बापूचा पखवाज बरा होता. मी टाळ वाजवायचो, आणि टाळ वाजवणाऱ्यालाही जेवायला वाढतात, हा वारकरी संप्रदायाचा मोठेपणा आहे. आमची भक्ती खरी होती का, असं कोणी विचारलं, तर होती. फक्त ती देवळाच्या मागच्या बाजूनं, चुलवणाच्या वाटेनं आत शिरायची.

निघायचो तो थाट बघण्यासारखा असे. जवळचं गाव असेल तर सायकली. अण्णांच्या कॅरिअरला पेटी, बापूच्या कॅरिअरला पखवाज, माझ्या हँडलला टाळांची पिशवी, ती खड्ड्याखड्ड्याला आपणहून भजन सुरू करायची. लांबचं गाव असेल तर एसटी. बापू पखवाजाला थंडी-ऊन बाधू नये म्हणून दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेई. एकदा शेजारच्या म्हातारीनं हळूच विचारलं, “लेकरू कितव्या महिन्याचं हाय?” बापू म्हणाला, “नऊ वर्षांचं. पर अजून दोन्ही बाजूंनी मार खातंय.” म्हातारी पुढच्या थांब्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमतो. कणीक गावातूनच मागून घ्यायची. एका गावी ज्या बाईनं ती मळून दिली, तिनं आधी पाट्यावर ठेचा वाटला होता. बापूनं कणीक लावली, दोन चार थापा मारल्या आणि कपाळावरचा घाम पुसता पुसता डोळेही पुसले. त्यानंतर तो अख्ख्या भजनभर घळाघळा रडत वाजवत होता. गावकरी भारावले. एक म्हातारा आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, “भजनी लई पाह्यले, पर असा इरघळनारा मानूस न्हाई पाह्यला.” बापूला पुढं वर्षभर त्या गावचं खास बोलावणं यायचं. तिथं मात्र तो कणीक घरून नेई.

फजितीही कमी झाल्या नाहीत. एकदा उन्हातान्हात वीस मैल सायकली हाणत गेलो. अण्णा वाटेत सांगत होते, या गावची आमटी अशी, की पहिल्या घासाला कानात शिट्टी वाजते. पोचलो, तर मांडवात भगरीची पातेली. एकादशी. तिघांच्याही घरी पंचांग होतं, तिघांच्याही बायका सकाळपासून उपाशी होत्या, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. त्या दिवशी अण्णांनी जे गायलं ते ऐकून लोक म्हणाले, केवढी व्याकुळता. ती भुकेची होती.

अण्णांचं एक शास्त्र होतं. बाकीचे गाणारे गाण्याआधी गरम पाणी पितात, खडीसाखर चघळतात, तेलकट-तिखटाला शिवत नाहीत. अण्णा आधी जेवत. भाकरी कुस्करून तिचं ताटात आळं करायचं, आमटीवाल्याला “सोड” म्हणायचं आणि काठोकाठ भरेपर्यंत हात आडवा करायचा नाही. जेवण होईतो टोपी भिजून जायची. मग चूळ भरून पेटीपुढं बसत आणि पहिला सूर लावत. म्हणत, “गळा म्हंजी पाइपलाइन हाय. जाळ घातल्याशिवाय मळी सुटत न्हाई.” आम्ही हसायचो, पण तो सूर ऐकल्यावर हसू राहत नसे. वरच्या सुरावर त्यांचा आवाज जरा फाटायचा आणि त्या फटीतून काहीतरी थेट आत जायचं. मला शास्त्रीय काही कळत नाही. मला एवढंच माहीत आहे, की तो सूर लागला की टाळ वाजवायचं राहून जायचं आणि बापू डोळे वटारायचा.

मग एका पावसाळ्यात वहिनी आजारी पडल्या. अण्णांच्या पत्नी. त्यांना काय झालं होतं, ते मला आजही नीट माहीत नाही. त्या काळी बाईमाणसाच्या दुखण्याला नाव सांगत नसत. नगरच्या दवाखान्यात त्या महिनाभर पडून होत्या आणि अण्णा पाळी संपली की एसटीनं जात आणि उभ्या उभ्या परत येत. वहिनींचं माहेर पाथर्डीकडचं. तिकडं पाणी कमी आणि मिरची जास्त. सात गावच्या सप्ताहाच्या आमट्या खाऊनही अण्णा शेवटी म्हणत, “घरच्यावानी न्हाई.” त्या बाईला दवाखान्यात पेज पाजत होते.

एका शनिवारी अण्णा म्हणाले, “शिंगणापूरला जाऊ.” आम्ही तिघं सायकलींनी गेलो. वाटेत बापूला संशय आला. “अण्णा, काय सोडायचा बेत हाय?” नवस बोलताना आवडीची वस्तू सोडतात, ही पद्धत आम्हाला माहीत होती, आणि तिच्यातल्या पळवाटाही माहीत होत्या. मी स्वतः एका परीक्षेसाठी कारलं सोडलेलं होतं. बापूनं श्रीखंड सोडलं होतं, जे त्यानं जन्मात एकदाच खाल्लं होतं. बापू म्हणाला, “दोडका सोडा. देवाला काय, सोडल्याशी कारन.”

पोचल्यावर अण्णांनी सायकल भिंतीला लावली. विहिरीवर अंघोळ केली, ओल्या पंच्यानं चौथऱ्यावर गेले, तेल वाहिलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तिला बरं वाटू दे. म्या तिखट सोडीन.”

बापूनं माझ्याकडं बघितलं, मी बापूकडं. ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथं बोललेला शब्द कोंडून ठेवायलाही जागा नसते. परत येताना बापू एकदा पुटपुटला, “निदान हिरवी ठिवायची व्हती.”

वहिनी बऱ्या झाल्या. श्रावण संपायच्या आत घरी आल्या, चुलीपुढं बसल्या आणि महिनाभराच्या पेजेचा सूड घ्यावा तशी आमटी केली. अण्णांनी ताटावर हात धरला. म्हणाले, “मला दूध-भाकर.” वहिनींना आधी वाटलं चेष्टा आहे. मग कारण कळलं. त्या रडल्या आणि त्यानंतर चिडल्या, आणि चिडणंच जास्त दिवस टिकलं. कारखान्यात लोक म्हणू लागले, “बायको वाचली, पर तोंड गेलं.” अण्णाही हसायचे. पण सप्ताहाला गेलो की पंगतीत कोरडी भाकरी मिठाशी खात आणि पेटीपुढं बसले की नीट, स्वच्छ, सुरात गात. सगळं जागच्या जागी असायचं आणि ऐकावंसं वाटायचं नाही. त्यांनाही ते कळत होतं. दसऱ्याच्या आसपास त्यांनी पेटीला खोळ घातली. म्हणाले, “गळ्याला आता इसावा.” मला फार वाईट वाटलं. गुरुवार यायचा आणि आम्ही तिघं कॉलनीच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायचो. बापू मांडीवर ताल धरायचा आणि मध्येच थांबायचा.

याच गावच्या, अण्णांच्या स्वतःच्या गावच्या सप्ताहाचं बोलावणं आलं, तेव्हा ते टाळता येईना. गावचा माणूस, भाऊबंद सगळे. वहिनीही आल्या. आमच्याबरोबर त्या पहिल्यांदाच येत होत्या. दुष्काळाचं वर्ष लागलं होतं. भाकऱ्या रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या, आमटीत डाळ शोधावी लागत होती. पण दुष्काळ डाळीचा होता, मिरचीचा नव्हता. पंगत बसली. इकडं पुरुष, समोर बाया. आमटीची बादली अण्णांपुढं आली, वाढणारा म्हणाला, “घ्या अण्णा,” आणि अण्णांनी ताटावर हात आडवा धरला.

समोरच्या पंगतीतून वहिनी उठल्या. पदर खोचला आणि भरल्या पुरुषांच्या पंगतीतून चालत अण्णांपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्या काळी हे लहान काम नव्हतं. भुरके थांबले.

“हात काढा,” त्या म्हणाल्या.

“शबूद दिलाय,” अण्णा खाली बघत म्हणाले.

“घरची आमटी असती तर म्याच वाढली नसती. ही घरची हाय का?”

“न्हाई.”

“मंग कुनाची हाय?”

अण्णांनी बादलीकडं बघितलं.

“देवाची हाय. परसाद हाय. परसादाला न्हाई म्हनू ने, हे तुमाला तुमच्या आईनं शिकीवलं न्हाई? एका देवाला दिल्याल्या शबदापायी दुसऱ्या देवाचा परसाद लोटता. त्यांच्यात भांडनं लावता व्हय तुमी?”

पंगतीत कोणी हसलं नाही. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच, शास्त्राचा होता. सगळ्यांनी विणेकरी बाबांकडं बघितलं. नव्वदीचे गृहस्थ, मांडवाच्या खांबाशी वीणा घेऊन उभे. त्यांनी बराच वेळ विचार केला. अण्णांचा हात ताटावर, आमटीवाल्याची बादली हवेत, बापूनं तर श्वासच धरलेला. शेवटी बाबा म्हणाले, “बाई बरूबर बोलतीया. नवस घरात. परसाद परसादाच्या जागी.”

अण्णांनी हात काढला.

पहिल्या घासाला त्यांना उचकी लागली. दुसऱ्याला नाक वाहू लागलं. तिसऱ्याला ते टोपी काढून वारा घ्यायला लागले आणि आमटीवाल्याला म्हणाले, “सोड.” वहिनी तोवर आपल्या जागेवर जाऊन मान खाली घालून जेवत होत्या. त्या दिवशी दुपारी अण्णांनी पेटीची खोळ काढली, सूर लावला, तो वर गेला आणि नेहमीच्या जागी फाटला. बापू पखवाज वाजवता वाजवता रडला. या खेपेला कणकेत काही नव्हतं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आम्ही जिल्हा पालथा घातला. आता ती चैन राहिली नव्हती, गरज झाली होती. घरी अण्णांच्या ताटात आठवडाभर दूध-भाकर, त्यात वहिनींनी कधी सूट दिली नाही. तिखट फक्त सप्ताहात. म्हणून सप्ताह शोधायचं काम वहिनींनीच अंगावर घेतलं. बाजाराला आलेल्या बाया, माहेरवाशिणी, बांगड्यांवाली, सगळ्यांकडून बातमी काढून ठेवायच्या आणि बुधवारी सांगायच्या, “उद्या गंगथडीला जावा. एकादशी न्हाई, म्या बघितलंय.” एकदा बापूनं कारखान्याच्या कँटीनमध्ये ठेच्याची वाटी गणपतीच्या तसबिरीपुढं ठेवली, हात जोडले आणि ती अण्णांपुढं सरकवली. “घ्या, परसाद.” अण्णांनी वाटी परत सरकवली. “देवाला तोंड हाय बापू, पर त्यो तुज्यासारखा येडा न्हाई.”

आणि प्रत्येक सप्ताहाहून निघताना अण्णा एक करायचे. शेवटी बुंदी वाढत, त्यातली एक मूठ ते रुमालात बांधून घेत. त्यांना स्वतःला गोडाचा तिटकारा. ती वहिनींसाठी. बिनबुंदीचा दुष्काळी सप्ताह असेल तर गुळाचा खडा. घरी पोचेपर्यंत रुमालाला तूप सुटलेलं असे आणि सायकलवर घामेजलेली बुंदी चेपून तिचा लाडू झालेला. वहिनी ओट्यावर बसून ती दाणा दाणा खात आणि विचारत, “कशी व्हती आमटी?” अण्णा म्हणत, “घरच्यावानी न्हाई.”

मग माझी बदली झाली, बापू मुलाकडं पुण्याला गेला, कारखान्यात नवे लोक आले. अण्णा गेले त्याचं मला कार्ड आलं, ते दहाव्यानंतर.

मांडवात शिरलो, तेव्हा पंगत बसतच होती. आता सगळ्यांना मांडी घालता येत नाही, म्हणून एका बाजूला गुडघेवाल्यांसाठी खुर्च्यांची वेगळी पंगत असते. मुलानं मला तिकडं बसवलं आणि स्वतः पहारेकऱ्यासारखा मागं उभा राहिला. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी भाकरी कुस्करून ताटात आळं करत होती. इतकं नीट, गोल, अण्णांच्या ताटातल्यासारखं, की मी बोटांवरूनच ओळखलं.

“वहिनी,” मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यातून बघितलं. वेळ लागला. “टाळवाले भावजी,” त्या म्हणाल्या. “टाळ वाजवायला शिकला का न्हाई अजून?”

आमटीवाला आला. मुलानं मागून खांद्यावर हात ठेवला. “बाबांना नको, दादा. त्यांना तिखट बंद आहे.”

वहिनींनी मान वळवून माझ्या मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “परसाद हाय बाळा. परसादाला न्हाई म्हनू ने,” त्या म्हणाल्या. कायदा तोच होता आणि अजून लागू होता. खांद्यावरचा हात निघाला. मी म्हणालो, “सोड.” पहिल्या घासाला उचकी लागली, कानात शिट्टी वाजली. मी आणि वहिनी शेजारी शेजारी नाक पुसत जेवलो. मधल्या पन्नास वर्षांबद्दल आम्ही फारसं काही बोललो नाही, तोंड मोकळं नव्हतं.

मग बुंदी आली. माझ्या ताटात पडली. वाढणारा त्यांच्याकडं वळला, तर वहिनींनी ताटावर हात आडवा धरला. अगदी अण्णांसारखा.

“मला नगं. म्या सोडलीया.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“ते गेल्यापासून. आनून देनारं मानूस ऱ्हायलं न्हाई, मंग खायची कशाला?” त्या सहज म्हणाल्या, बाजारभाव सांगावा तशा.

वाढणारा दांडगा मिशीवाला गडी होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चमचा तसाच धरून तो म्हणाला, “आजी, परसादाला न्हाई म्हनू ने.”

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम माझ्या ताटात बघत राहिलो. कायदा त्यांचाच होता, याच मांडवात पास झालेला. गडी वाट बघत उभा होता, मागची पंगत खोळंबली होती, आणि तो सुरकुतलेला हात अजून ताटावरच होता.

मी खिशातून रुमाल काढला. माझ्या ताटातली एक मूठ बुंदी त्यात घेतली, गाठ मारली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

वहिनींनी किती तरी वेळ त्या गाठीवर बोट फिरवलं. मग ती सोडली आणि एक दाणा तोंडात टाकला.

“कशी व्हती आमटी?” त्यांनी विचारलं.

“घरच्यावानी न्हाई,” मी म्हणालो.